'डिस'ची कैफियत

चाललेले काम मोडायला इंग्रजीत जितकी क्रियापदे आहेत तितकी ते उभे करायला आहेत काय, अशी शंका आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना दरवर्षी एकदा तरी येते. डिस्टर्ब, डिसरप्ट, डिरेल, अपसेट, अनसेटल, सबव्हर्ट, सॅबोटाज, हायजॅक, थ्वॉर्ट, फॉइल. यादी संपत नाही. बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकात या सगळ्यांसमोर एकच अर्थ छापलेला असतो, 'खलल डालना'. मराठी पुस्तकात 'व्यत्यय आणणे'. मुले पाठ करतात, गुण मिळवतात आणि मोकळी होतात. पण हे शब्द एका घरातले नाहीत. कुणी शेतातून आला आहे, कुणी चर्चमधून, कुणी रेल्वेतून, तर कुणी कोर्टात जाऊन बसला आणि त्याने माणसांना तुरुंगात पाठवले. त्यांच्या कुळाचा थोडा शोध घ्यावा म्हणून हा खटाटोप.

आधी घरचे पाहू. 'खलल' हा मूळचा अरबी शब्द. दोन वस्तूंमध्ये राहिलेली फट हा त्याचा अर्थ. फट राहिली की वस्तू डळमळते, म्हणून पुढे बिघाड. उर्दूत 'रख्ना डालना' असेही म्हणतात. हा रख्ना फारसी, म्हणजे भिंतीला पडलेले भगदाड. मराठीचा थाट वेगळा. तिथे घडी विस्कटते, कारण शब्द कापडाचा आहे. खोडा घालतात, पाचर मारतात, कारण शब्द लाकडाचे आहेत. आणि काहीच कारण सापडले नाही की माशी शिंकते. माशीवर खापर फोडणारी ही म्हण आम्हाला फार आवडते, पण तिच्याकडे पुढे येऊ.

'डिसरप्ट' हा खलल आणि रख्ना यांचा सख्खा भाऊ शोभावा. लॅटिन 'रुम्पेरे' म्हणजे मोडणे, आणि 'डिस' म्हणजे दोन बाजूंना, अलग. मोडून अलग करणे. याच 'रुम्पेरे'ची मुले इंग्रजीत घरोघरी आहेत. इंटरप्ट म्हणजे मध्येच मोडणे, इरप्ट म्हणजे फोडून बाहेर पडणे, करप्ट म्हणजे पार मोडून नासवणे. बँकरप्टमध्ये इटलीच्या सावकाराचा मोडका बाक आहे.

या शब्दाला इतिहासात मोठ्या अक्षरांत जागा मिळाली ती स्कॉटलंडमध्ये. तिथल्या चर्चमध्ये पाद्री कोण नेमायचा यावर शंभर वर्षांहून जुना तंटा होता. 1712 च्या सुमाराच्या कायद्याने तो हक्क जमीनदारांना दिलेला. गावकऱ्यांना पाद्री नको असला तरी जमीनदार म्हणेल तो गळ्यात पडे. कोर्टांनीही जमीनदारांचीच बाजू उचलून धरली. अखेर 18 मे 1843 रोजी एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये वार्षिक सभा भरली असता अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधाचा खलिता वाचला, तो टेबलावर ठेवला आणि दाराबाहेर चालू लागले. त्यांच्या मागोमाग लोक उठले. सुमारे बाराशे पाद्र्यांपैकी पावणेपाचशेंच्या आसपास पाद्र्यांनी त्या दिवसांत चर्च सोडले. चर्च सोडले म्हणजे पगार सोडला, राहते घर सोडले. बायकामुलांसह भाड्याच्या खोल्यांत गेले. थॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी 'फ्री चर्च' उभे केले. स्कॉटिश इतिहासात या घटनेला नुसते 'द डिसरप्शन' म्हणतात, आणि हा शब्द त्या काळात वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाला.

या फुटीची भेग मुंबईपर्यंत आली. अंबरोलीच्या शाळेचे जॉन विल्सन, ज्यांना मराठी तर येतच होती शिवाय अरबी-फारसीचेही शिक्षण होते, त्यांनी जुने चर्च सोडून फ्री चर्च धरले. त्यांची शाळाही त्यांच्यासोबत गेली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनाही स्वतः उभारलेली इमारत जुन्या चर्चला सोडून नव्या जागेत शाळा मांडावी लागली. नागपूरला 1845 साली जे स्टीफन हिस्लॉप आले ते याच फ्री चर्चचे मिशनरी. आज चौपाटीसमोरून जाणाऱ्या किंवा नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकणाऱ्या कुणाच्या डोक्यात स्कॉटलंडमधल्या जमीनदारांचा तंटा येण्याचे कारण नाही, पण त्या संस्थांच्या मुळाशी तो आहे.

हा तपशील आम्ही मुद्दाम लांबवला. कारण आजकाल 'डिसरप्ट' हा शब्द कौतुकाने वापरतात. अमेरिकेतील हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी जोसेफ बोअर यांच्यासोबत 1995 मध्ये एक लेख लिहिला आणि 1997 मध्ये स्वतःचे पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे मर्यादित होते. स्वस्त, साधी, सुरुवातीला हलकी वाटणारी वस्तू खालच्या गिऱ्हाइकापासून सुरू होते आणि हळूहळू वर चढत बड्या कंपनीला उखडते. संगणकाच्या डिस्कचा धंदा त्यांनी उदाहरणाला घेतला होता. पुढे जो उठला तो स्वतःला 'डिसरप्टर' म्हणू लागला. 2015 मध्ये ख्रिस्टेन्सन यांनाच लिहावे लागले की उबर ही टॅक्सीची कंपनी माझ्या व्याख्येत बसत नाही. पण शब्द एकदा सुटला की मालकाचे ऐकत नाही. 1843 चे पाद्री स्वतःचे घर सोडून 'डिसरप्शन' करत होते, आताचे लोक दुसऱ्याचे सोडवतात, एवढा फरक आम्हाला दिसतो. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चालक आपल्यावर काय गुदरले ते सांगताना हा शब्द वापरत नाही. तो 'धंदा बसला' म्हणतो.

'डिस्टर्ब'च्या पोटात गर्दी आहे. लॅटिन 'तुर्बा' म्हणजे जमाव, गलका. तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. त्याचाच भाऊ 'पर्टर्ब' मात्र आकाशात गेला. 1781 मध्ये विल्यम हर्शेल यांना युरेनस सापडला, आणि नंतरच्या गणित्यांच्या लक्षात आले की तो नेमून दिलेल्या वाटेने चालत नाही, थोडा सरकतो. कुणीतरी ओढत असले पाहिजे. फ्रान्समध्ये ल व्हेरिए यांनी या सरकण्यावरून अदृश्य ग्रहाची जागा काढली आणि बर्लिनला कळवली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री गाले यांना सांगितलेल्या जागेच्या अगदी जवळ नेपच्यून दिसला. इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स यांनीही स्वतंत्रपणे असेच गणित मांडले होते. वाटेवरून ढळणे हा दोष न राहता पुरावा ठरला, असे हे या सगळ्या घराण्यातले आम्हाला ठाऊक असलेले एकमेव उदाहरण.

वाट सुटण्याचे आणखी तीन शब्द सांगण्याजोगे आहेत. 'डिलिरियम' म्हणजे तापातली बडबड, भ्रम. हे नाम आहे, पण मुळात लॅटिन क्रियापद होते 'देलिरारे'. 'लिरा' म्हणजे नांगराचे तास. तासावरून नांगर सुटला की 'देलिरारे'. मराठी शेतकऱ्याला हे एका क्षणात कळेल. (शाळेतल्या तासावरून सुटणाऱ्या मुलांसाठी लॅटिनमध्ये शब्द असल्यास कल्पना नाही.) दुसरा 'डिसओरिएंट', सतराव्या शतकात फ्रेंचमधून आलेला. 'ओरिएंट' म्हणजे पूर्व. युरोपात चर्च बांधताना वेदी पूर्वेकडे ठेवत, म्हणून पूर्व सापडणे म्हणजे दिशा सापडणे आणि पूर्व हरवणे म्हणजे भांबावणे. उर्दूत वाट चुकलेल्या माणसाला सांगतात, 'अपना किब्ला दुरुस्त करो'. आपल्याकडून मक्का पश्चिमेला. त्यांची पूर्व हरवते, आपली पश्चिम. वर्गात हे सांगितल्यावर 'डिसओरिएंट' शब्द पुन्हा सांगावा लागत नाही, असा आमचा अनुभव.

तिसरा 'डिरेल'. याची तऱ्हा और आहे. रेल हा शब्द इंग्रजांचा, गाडीही त्यांची. फ्रेंचांनी 'रेल' उचलला आणि गाडी रुळावरून उतरण्यासाठी 'देराये' असे क्रियापद घडवले. इंग्रजांकडे त्यासाठी एक शब्द नव्हता. 1850 मध्ये डायोनिशियस लार्डनर या आयरिश ग्रंथकाराने रेल्वेच्या अर्थशास्त्रावरील पुस्तकात फ्रेंचांकडून तो परत आणला. म्हणजे माहेरचा शब्द सासरी जाऊन नवा अर्थ घेऊन आला. तीनच वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. मराठीत 'रुळावरून घसरणे' आणि उर्दूत 'पटरी से उतरना' या वाक्प्रचारांना त्यानंतरच जागा मिळाली असणार, कारण त्याआधी घसरायला रूळच नव्हते.

'अपसेट'चा प्रवास तर उलटाच. पंधराव्या शतकात त्याचा अर्थ होता उभे करणे, वर बसवणे. पुढे तो 'वर-खाली करणे' आणि मग 'उलथणे' झाला. नाव उलटे, गाडी उलटे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माणसाचे मन उलटू लागले. जुना अर्थ एका ठिकाणी चिकटून आहे. लिलावाच्या नोटिशीत 'अपसेट प्राइस' असते, म्हणजे ज्या रकमेपासून बोली उभी करायची ती. गावात वाळूच्या लिलावाची नोटीस वाचणाऱ्यांनी हा शब्द पाहिला असेल, आणि किंमत नाराज कशी होते असेही मनात आले असेल. खेळातल्या 'अपसेट'ची एक कथा सांगतात. 13 ऑगस्ट 1919 रोजी अमेरिकेत सॅराटोगाच्या शर्यतीत 'मॅन ओ वॉर' हा नावाजलेला घोडा हरला आणि त्याला हरवणाऱ्या घोड्याचे नाव होते 'अपसेट'. शर्यत खरी, नाव खरे, मॅन ओ वॉर एकवीस शर्यतींत एवढी एकच हरला हेही खरे. पण अनपेक्षित पराभवाला 'अपसेट' म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या वर्तमानपत्रांत आधीच सापडते. घोड्याने शब्द दिला नाही, शब्दाने घोड्याला नाव दिले.

'सॅबोटाज'चीही अशीच दंतकथा आहे. 'साबो' म्हणजे फ्रेंच शेतकऱ्याचा लाकडी जोडा. मजुरांनी चिडून जोडे यंत्रात फेकले आणि शब्द जन्मला, असे अनेक पुस्तकांत छापले आहे. त्याला पुरावा मिळत नाही. 'साबोते' म्हणजे लाकडी जोड्यांनी खडखडाट करत चालणे, त्यावरून ओबडधोबड, बेंगरूळ काम करणे. कामगार चळवळीने हा अर्थ उचलला. 1897 मध्ये तुलूझ येथे फ्रेंच कामगार महासंघाच्या अधिवेशनात एमिल पुजे यांनी मांडणी केली की मालक कमी दाम देत असेल तर आपणही तसेच काम द्यावे. ही युक्ती त्यांनी स्कॉटलंडच्या गोदी कामगारांच्या 'का कॅनी' म्हणजे 'बेताने चल' या धोरणावरून घेतली होती. 1910 च्या फ्रेंच रेल्वे संपाच्या बातम्यांतून शब्द इंग्रजीत शिरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने जानेवारी 1944 मध्ये साध्या नागरिकांसाठी घातपाताची एक पुस्तिका काढली. तिच्यात यंत्रात वाळू टाकण्याबरोबर असेही सल्ले आहेत की, प्रत्येक बाब समितीकडे सोपवा, समिती मोठ्यात मोठी ठेवा, ठरावातल्या शब्दांवर घोळ घाला, एकाच जागेची दोन तिकिटे द्या. शिक्षकांच्या सभेला बसलेल्या कुणालाही हे वाचून शत्रुराष्ट्राची आठवण होणार नाही.

बाकीचे भराभर. 'थ्वॉर्ट' नॉर्स भाषेतून, अर्थ 'आडवे'. 'फॉइल' तुडवण्यावरून, कारण शिकारीत जनावर आपलीच वाट पुन्हा तुडवून कुत्र्यांचा माग बिघडवते. 'हायजॅक' अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातला, चोरट्या दारूचे ट्रक लुटणाऱ्यांचा. विमाने नंतर आली.

आता माशीकडे येतो. मराठीत 'बेत फिसकटला', उर्दूत 'काम बिगड गया'. कर्ता नाही. कुणी बिघडवले हे सांगायचे नसेल तर भाषा आडकाठी करत नाही. 'बिघडणे' आणि 'बिघडवणे' अशी दोन वेगळी रूपे आपल्याकडे आहेत. इंग्रजीतले डिसरप्ट, डिस्टर्ब, सबव्हर्ट मात्र लगेच कर्ता मागतात. कुणी केले? कायद्याला अशीच क्रियापदे सोयीची. इथे आमच्या विषयाला महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो शब्द आहे 'डिसअफेक्शन'.

भारतीय दंड संहिता 1860 ची. तिच्या उर्दू तर्जुम्यात, म्हणजे 'ताजीरात-ए-हिंद'मध्ये, डेप्युटी नजीर अहमद यांचा हात होता. राजद्रोहाचे 124-अ हे कलम मात्र 1870 मध्ये घातले गेले. सरकारविषयी 'डिसअफेक्शन' चेतवणे हा गुन्हा. पण डिसअफेक्शन म्हणजे काय? 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तील मजकुराबद्दल मुंबई हायकोर्टात खटला झाला. आधी जामीन नाकारला गेला होता, तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी दिला. तेव्हा टिळकांच्या वतीने उभे होते बॅरिस्टर दावर. खटला मात्र चालला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे. त्यांनी पंचांना शब्दाची फोड करून सांगितली की डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा, म्हणजे प्रेमाचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हेच त्यात आले. सहा युरोपियन पंच विरुद्ध तीन हिंदी पंच असा निकाल लागला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून वैरभाव आणि बेइमानी यांचा स्पष्ट उल्लेख घालण्यात आला.

1908 मध्ये पुन्हा खटला, आणि या वेळी न्यायासनावर तेच दावर. जामिनासाठी बॅरिस्टर जीना उभे राहिले, जामीन मिळाला नाही. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, काही दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक. त्यातला बराच वेळ भाषेत गेला. लेख मराठीत, पंचांपुढे त्याचे इंग्रजी भाषांतर, आणि सात युरोपियन पंचांना मराठी येत नाही. सरकारी भाषांतरकाराला टिळकांनी शब्दाशब्दावर उलटतपासले. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत काळी झाली आहे, असे त्यांचे म्हणणे. 22 जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. त्याच वर्षी अलीगढला मौलाना हसरत मोहानी यांना त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला' मासिकातील इजिप्तविषयीच्या लेखाबद्दल शिक्षा झाली. लेख दुसऱ्याचा होता, नाव त्यांनी सांगितले नाही. हसरत टिळकांना मानत. उर्दू आणि मराठी दोन्ही एकाच शब्दाखाली, एकाच वर्षी तुरुंगात गेल्या, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत शेजारीशेजारी छापलेले आम्ही पाहिले नाही.

'डिस'चा न्याय झाला 1916 मध्ये. बेळगाव आणि अहमदनगर येथील टिळकांच्या मराठी भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका मागितला. जीना हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. त्या निकालात बॅचलर यांनी स्ट्रॅची यांची जुनी फोड तपासली. 'डिस' लागला म्हणजे नुसता अभाव होत नाही, असे त्यांचे म्हणणे. 'डिसलाइक' म्हणजे आवडीचा अभाव नव्हे, आणि 'डिसगस्ट' म्हणजे चवीचा अभाव नव्हे. मूळ लॅटिनकडे पाहिले तर बॅचलर यांचेच बरोबर. 'डिस' म्हणजे अलग, उलट बाजूला. नसणे आणि विरुद्ध असणे यांतले अंतर एका उपसर्गाएवढे, आणि 1897 मध्ये ते पुसले गेल्याची किंमत तुरुंगवासाने मोजली गेली होती.

आपल्याकडे 'फितूर' शब्दाचेही असेच झाले आहे. अरबीत 'फुतूर' म्हणजे ढिलेपणा, शिथिलता. उर्दूत 'दिमाग का फुतूर' म्हणजे डोक्यातला बिघाड, आणि मराठी बखरीत किल्लेदार फितूर होतो तेव्हा त्याचे मुंडके जाते. ढिलेपणापासून द्रोहापर्यंत शब्द केव्हा पोचला याची तारीख नोंदलेली नसते.

राहता राहिला 'सबव्हर्ट'. 'व्हर्तेरे' म्हणजे वळवणे, 'सब' म्हणजे खालून. पायाकडून उलथवणे. अरबीतील 'इन्किलाब'ही उलटण्याच्याच धातूचा, ज्यापासून 'कल्ब' म्हणजे हृदय. हसरत मोहानी यांनी 1921 मध्ये 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा दिली, 1929 मध्ये भगतसिंगांनी ती दिल्लीच्या असेंब्लीत नेली, आणि 1938 पासून मुंबईत त्या नावाचे उर्दू दैनिक निघू लागले. सुप्रीम कोर्टाने 11 मे 2022 रोजी 124-अ कलमाचा वापर थांबवण्यास सांगितले, आणि 1 जुलै 2024 पासून दंड संहिताच जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 152 व्या कलमात 'डिसअफेक्शन' नाही. तिथे इतर शब्दांसोबत 'सबव्हर्सिव्ह अ‍ॅक्टिव्हिटीज' आहेत. त्यांची व्याख्या संहितेत दिलेली नाही.